रिकामं म्हणजे शून्य नव्हे

१

सोमवारी सकाळी आमच्या कचेरीत पहिला आवाज व्हायचा तो कॉफीच्या यंत्राचा आणि दुसरा रांगेलदादाच्या गमबुटांचा. तो बूट दाराबाहेर काढत नसे. त्यावरून आमची मुख्य अभियंता कालिनोवाबाई त्याला रोज ओरडायची, आणि तो रोज "उद्यापासून, बाई" म्हणायचा.

स्तुदेन विरचं धरण म्हणजे दोन डोंगरांच्या मधे उभी केलेली काँक्रीटची भिंत. भिंतीच्या पोटातून, मधल्या उंचीवर, उजव्या काठापासून डाव्या काठापर्यंत एक बोगदा जातो. त्याला आम्ही गॅलरी म्हणतो. लांबून भिंत सलग दिसते, पण ती शेजारी शेजारी ओतलेल्या ब्लॉकांची आहे. प्रत्येक ब्लॉकमध्ये एकेक दाबमापक पुरलेला आहे. पाणी भिंतीला किती रेटतंय, ते तो सांगतो.

रांगेलदादाचं काम आठवड्यातून दोनदा गॅलरीतून चालत जायचं. प्रत्येक दाबमापकाची वायर हातातल्या पेटीला जोडायची, आकडा आला की पुढच्या ब्लॉकला. पेटीतले आकडे माझ्या शीटमध्ये उतरायचे. शीटमधला फॉर्म्युला माझ्या आधीच्या कुणीतरी बसवलेला होता आणि तो साधा होता. दाब मर्यादेच्या वर गेला तर 'धोका', नाहीतर 'ठीक'. 'धोका' मी कधी पाहिला नव्हता. कॉफी पीत 'ठीक'ची लांबच लांब रांग नजरेखालून घालायची, एवढंच माझं सोमवारचं काम.

मे महिना होता. डोंगरावरचं बर्फ वितळून जलाशय काठोकाठ भरला होता. रांग बघता बघता माझी नजर एका ठिकाणी अडली. शब्द 'ठीक'च होता. पण त्याच्या शेजारच्या रकान्यात, जिथे आकडा असायला हवा, तिथे काहीच नव्हतं.

२

"रांगेलदादा, या ब्लॉकला वायर जोडली नाहीस का?"

"जोडली की."

"मग आकडा कुठाय?"

"आला नाही." त्याने चीज भरलेल्या पावाचा, बनित्साचा, मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि चीज खाली सांडू नये म्हणून हनुवटीखाली हात धरला. "पेटीवर नुसती आडवी रेघ आली. आता रेघेचा काय आकडा लिहू मी?"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझी शीट म्हणते ठीक. एवढी शिकलेली शीट! मी कोण तिला खोटं पाडणारा?"

"याआधीही असं झालंय?"

तो चावायचा थांबला. "अधूनमधून," म्हणाला.

चूक माझ्या लगेच लक्षात आली. रिकामा रकाना दिसला की फॉर्म्युला त्याला शून्य समजत होता. शून्य मर्यादेच्या खालीच असतं, म्हणून 'ठीक'. पण दाब शून्य म्हणजे पाणी भिंतीला रेटतच नाहीये. आणि रिकामं म्हणजे तिथे काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी फॉर्म्युला बदलला. आधी आकडा आहे का बघ. नसेल तर गप्प बस. असेल तरच मर्यादेशी ताडून बघ. मग तोच फॉर्म्युला मी पार मार्चपर्यंतच्या सगळ्या ओळींवर ओढला.

'ठीक' गळून पडले. सगळे नाही. माझ्या शीटमध्ये तारखा वरून खाली जातात आणि ब्लॉक एका कडेपासून दुसऱ्या कडेला. त्या भरगच्च पानावर एक तिरकी वाट उघडी पडली होती, पायऱ्यांसारखी. मार्चच्या सुरुवातीला उजव्या काठाच्या पहिल्या ब्लॉकमधून आकडा गेला होता. काही दिवसांनी त्याचा आकडा परत आला आणि दुसऱ्याचा गेला. मग दुसऱ्याचा परत आला आणि तिसऱ्याचा गेला.

रांगेलदादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याच्या श्वासाला चीजचा वास येत होता.

"वायर कुजली असेल," तो म्हणाला.

"कुजलेली वायर आपोआप बरी होते?"

"नाही."

"आणि आजार शेजाऱ्याला देऊन जाते?"

तो हात पुसायला रुमाल शोधत राहिला.

३

कालिनोवाबाई शरदात निवृत्त होणार होती. बुटकी, पिकल्या केसांची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने शीट पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली.

"सरासरी घाल," म्हणाली.

"बाई?"

"डावीकडच्या ब्लॉकचा आकडा, उजवीकडच्याचा आकडा, दोन्हींची सरासरी. रिकामं असेल तिथे तीच धर. सगळीकडे असंच करतात, बिस्त्रा. भिंत काही एका ब्लॉकपुरती वेगळी वागत नाही. अहवाल परवा जायचाय."

"पण मग ही वाट दिसणारच नाही. पुन्हा सगळं गुळगुळीत होईल."

"त्यासाठीच तर करायचं. एक दात पडला म्हणून कुणी जबडा उपटत नाही."

"दात पडलाय एवढं तरी लिहावं ना."

तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल. पण ती रांगेलदादाकडे वळली. "हिला घेऊन खाली जा. वायर, जोड, पेटी, सगळं तपासा. मग सरासरी. आणि रांगेल, ते बूट!"

"उद्यापासून, बाई."

४

गॅलरीत बारा महिने सारखाच गारठा असतो. भिंतीवर चुन्याचे पांढरे ओघळ, डोक्यावर जाळीत बसवलेले दिवे, आणि प्रत्येक ब्लॉकच्या तळाशी झिरपा वाहून नेणारी एक नळी. प्रत्येक नळीचं थेंब पडणं वेगळं. कुठे टप टप, कुठे नुसती चिळकांडी. मला ती ठिबक आवडायची. चालताना सोबत असल्यासारखं वाटायचं.

रांगेलदादा गात चालला होता. तो खाली नेहमी गातो. म्हणतो, इथे माझा आवाज चर्चमधल्यासारखा होतो. प्रत्येक ओळ बोगद्याच्या टोकाला जाऊन परत येत होती.

मग एक ओळ परत आली नाही.

तो थांबला. मीही. त्याने पुन्हा एक सूर लावला, मोठ्याने. सूर त्याच्या तोंडातून निघाला आणि संपला. ओल्या पोत्यावर दगड टाकावा तसा.

"हाच ब्लॉक," तो हळूच म्हणाला.

तेव्हा मला कळलं की इथली नळीही ठिबकत नाहीये. मागची ऐकू येत होती, पुढची ऐकू येत होती. मधे काही नाही.

आम्ही काम केलं. काम करताना माणूस घाबरत नाही, निदान मी तरी नाही. वायर बदलली. पेटी शेजारच्या ब्लॉकला लावली, आकडा आला. परत इथे लावली, आडवी रेघ. दुसरी पेटी लावली, रेघ. रांगेलदादाने पेटीला, वायरीला आणि ती बनवणाऱ्याच्या आईला अशी शिवी हासडली की एरवी मी हसले असते.

शेवटी मी हातमोजा काढला आणि भिंतीला हात लावला.

भिंत थंड लागली नाही. गरमही लागली नाही. ओली नाही, कोरडी नाही, खरखरीत नाही. हात टेकलाय हे डोळ्यांना दिसत होतं, पण हाताला काही कळत नव्हतं. तळवा बधिर झाला म्हणावं, तर माझा अंगठा शेजारच्या ब्लॉकवर आला होता, आणि त्या एका अंगठ्याला बर्फासारखा गारवा लागत होता.

मी हात काढून घेतला. रांगेलदादाने विचारलं, "काय?"

"काही नाही," मी म्हणाले. आणि बोलल्यावर लक्षात आलं की मी अगदी खरं तेच सांगितलंय.

५

वर आल्यावर मी स्वतःला समजावत राहिले. आत हवेची पोकळी असेल, त्यात आवाज विरत असेल. झिरप्याने वाट बदलली असेल. थंडीत हाताला मुंग्या येतात, माझ्या आजीला तर जुलैमध्ये यायच्या. एकेका गोष्टीला एकेक कारण मिळत होतं. सगळ्यांना मिळून एक कारण मिळत नव्हतं.

मी सरासरी घातली नाही. अहवाल अडवून ठेवला. कालिनोवाबाई रागावली, पण पाठव असंही म्हणाली नाही.

पुढच्या सोमवारी दोन ब्लॉक रिकामे होते. शेजारी शेजारी.

मी शीट छापून तिच्यासमोर ठेवली. खिडकीबाहेर मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या आणि स्वयंपाकघरातून लसूण ठेचल्याचा वास येत होता; दुपारच्या तारातोरची, काकडी-दह्याच्या गार सूपची, तयारी. ती बराच वेळ कागदावर बोट ठेवून बसली.

"आता सरासरी कशाची काढू?" मी विचारलं. "शेजारचाही नाहीये."

"मोठा होतोय तो," ती म्हणाली. 'तो' म्हणजे कोण, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"पुढे लोलकाची खोली आहे," दारातून रांगेलदादा म्हणाला. आज त्याने बूट बाहेर काढले होते. "भिंतीचा मधला भाग. तिथे मागे पाणी सगळ्यात खोल."

आणि भिंतीच्या पायथ्यापासून खाली दरीत दोल्ना रेका गाव. शाळा, बेकरी, रांगेलदादाचं घर, माझी बहीण आणि तिची जुळी.  

"राजधानीत फोन करायचा?" मी विचारलं.

"करू. ते विचारतील, दाब किती? मी म्हणेन, माहीत नाही. ते म्हणतील, मग कळव माहीत झाल्यावर." कालिनोवाबाई उठली, कपाटामागून स्वतःचे गमबूट काढले, आणि त्यांतली धूळ खिडकीबाहेर झटकली. "गुरुवारी मी येते खाली. मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

६

लोलकाची खोली म्हणजे गॅलरीच्या पोटात कोरलेली एक छोटी चौकोनी जागा. धरणाच्या माथ्यापासून एक बारीक तार खाली येते आणि तिच्या टोकाला वजन, तेलाच्या भांड्यात बुडवलेलं. भिंत केसभर जरी कलली तरी तारेवरून कळतं. आम्ही तिघं आत शिरलो, भर दुपारी, वर कडक ऊन होतं. तार सरळ लटकत होती.

रांगेलदादाने वायर जोडली. आकडा आला.

"आहे," तो म्हणाला. मग पेटीकडे बघतच राहिला. "होता."

ठिबक थांबली. आधी आमच्याजवळची, मग मागची. मी पाय हलवला, बुटाचा आवाज आला नाही. कालिनोवाबाईचे ओठ हलले, तिने माझं नाव घेतलं असावं.

भिंत गेली असं मी म्हणणार नाही. जाताना मी तिला पाहिलं नाही. मी तारेकडे बघत होते, मान वर केली, आणि भिंत नव्हती.

पाणी होतं.

खालपासून वरपर्यंत उभं. आमच्यापासून दोन हातांवर, काचही मधे नाही, आणि ते आत येत नव्हतं. हिरवं, आतून उजळलेलं. इतक्या खोल ऊन पोचत नाही, हे मला माहीत आहे. पण उन्हाचे मोठे मोठे पट्टे वरून तिरपे उतरत होते आणि त्यांत गाळाचे कण सोन्याच्या भुकटीसारखे तरंगत होते. आमच्या उजव्या-डाव्या बाजूंना काँक्रीटच्या कडा दिसत होत्या, सुरीने कापल्यासारख्या. त्या दोन कडांच्या मधे पाणी असं उभं होतं, जणू दोन्हीकडे भिंत आहे म्हटल्यावर मधेही असणारच, असं ते धरून चाललं होतं.

एक मोठा मासा सावकाश आला, नेमका भिंत जिथे असायला हवी तिथवर, आणि तिथून वळला. त्याचा डोळा मी पाहिला.

मला वाटलं, याला कळता कामा नये. या एवढ्या पाण्याला कळता कामा नये की इथे काही नाही. श्वास सोडायचीही भीती वाटत होती. आणि तरी, खरं सांगते, तिथून पळावंसं वाटलं नाही. रांगेलदादाने डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं. तो रडत होता, पण चेहरा शांत होता, मोठ्या सणाच्या प्रार्थनेत असतो तसा.

मग मागे, पाण्यात, काहीतरी सरकलं. डाव्या काठाकडे. त्याला आकार नव्हता. गाळाचे कण बाजूला होत होते, उन्हाचे पट्टे वाकत होते, मासे वाट सोडत होते, आणि ज्याला वाट देत होते तिथे काही दिसत नव्हतं. त्याचं वरचं टोक शोधायला मी मान वर करत गेले, करत गेले. मान संपली, ते संपलं नाही.

एक थेंब पडला.

टप. आणि लगेच दुसरा. समोर भिंत होती, चुन्याच्या ओघळांसकट. रांगेलदादाच्या हातातल्या पेटीवर आकडा होता. कालिनोवाबाई जमिनीवर बसली होती, चष्मा हातात.

७

वर उन्हात आल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. 

"बाई," मी शेवटी विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?"

"मला ते सांगता येणार नाही," ती म्हणाली. "पण जे सांगता येत नाही त्याला मी ठीक म्हणणार नाही."

ती नियंत्रणकक्षात गेली आणि तळाचे दरवाजे उघडायचा हुकूम दिला. तासाभरात सगळी दरी पाण्याच्या गर्जनेने भरून गेली. दोल्ना रेकाच्या लोकांना आधीच कळवून नदीपासून दूर केलं होतं, पण बटाट्याच्या शेतांचं पाणी वाहून चाललंय हे बघायला ते पुलावर जमले होतेच. "म्हातारी पिसाळली!" एकजण ओरडला. "आमच्या शेतांना काय तुझ्या चष्म्याचं पाणी देऊ?"

राजधानीतून फोन आला तेव्हा मी शेजारीच उभी होते.

"कारण?"

"आकडा नाही," कालिनोवाबाई म्हणाली.

"आकडा नाही हे कारण होत नाही. शेजारच्या आकड्यांवरून अंदाज बांधायचा असतो, एवढं तुम्हाला सांगायला हवं?"

"अंदाज बांधायचा तर तुम्ही इथे येऊन राहा. खाली गावात. मी खोली बघून देते."

जून संपायच्या आत तिला घरी बसवलं. अहवाल मी पाठवला, रिकामे रकाने रिकामेच ठेवून, खाली माझी सही करून. पाणी उतरत होतं तेव्हाही ती रिकामी जागा शीटमधून डावीकडे चालतच होती, कधी एक ब्लॉक, कधी दोन. मग एका गुरुवारी शेवटच्या ब्लॉकचाही आकडा परत आला आणि सगळं पान भरलं.

त्यानंतर मी आणि रांगेलदादा त्या दुपारबद्दल एकदाच बोललो. तो म्हणाला, मासे तीन होते. मी म्हणाले, एक. तो म्हणाला, उजेड पिवळा होता.  दोघांनाही तेव्हाच कळलं की आधीची मिनिटं आठवतात, नंतरची आठवतात, आणि मधलं आपण शोभेल तसं भरतोय.

८

जुलैमध्ये पाणी गॅलरीच्या खाली गेलं, आणि भिंतीची पाण्याकडची बाजू पन्नास वर्षांत पहिल्यांदा उघडी पडली. आम्ही होडी काढली. कालिनोवाबाईही आली, डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर चेरींची टोपली. आता ती कुणाची साहेब नव्हती, आणि तरी रांगेलदादाने होडीत बसताना बूट झटकले.

भिंत शेवाळाने काळीहिरवी झाली होती. आणि तिच्यावर, गॅलरीच्या उंचीला, या काठापासून त्या काठापर्यंत एक पट्टा गेला होता. आधी हातभर, मधे पुरुषभर रुंद, पुढे पुन्हा निमुळता. त्यावर शेवाळ नव्हतं, गाळ नव्हता, गंजाचा डाग नव्हता. कालच ओतल्यासारखं फिकट काँक्रीट.

होडी जवळ गेली तशी कालिनोवाबाई पुढे वाकली. काँक्रीट ओतताना लाकडी फळ्यांचा साचा लावतात, आणि त्या फळ्यांच्या रेषा काँक्रीटवर कायमच्या उमटतात. पट्ट्याच्या वरच्या भिंतीवर त्या रेषा उभ्या होत्या. खालच्या भिंतीवर आडव्या. कामगारांची टोळी बदलली असेल. पट्ट्यावर त्या तिरप्या होत्या, उभ्या आणि आडव्यांच्या बरोबर मधोमध कललेल्या.

"तिरप्या फळ्या कुणी लावत नाही," ती पुटपुटली. "कुठला सुतार लावेल तिरप्या?"

मी हात टेकला. यावेळी हाताला सगळं कळलं. लाकडाच्या रेघा, गाठीची खूण. आणि ऊब. नवं काँक्रीट पहिले काही दिवस आतून तापलेलं असतं, तशी.

रांगेलदादाने वल्ही थांबवली होती. तो भिंतीकडे बघत नव्हता. डाव्या काठाला पट्टा खडकात शिरत होता, आणि त्याच्या वर, डोंगरावर, पाइनच्या रानात एक सरळ फीत दिसत होती. तिच्यातली सगळी झाडं एका उंचीची, एका जाडीची. ती फीत कड्यापर्यंत जाऊन पलीकडे उतरली होती.

"त्या डोंगराच्या मागे कोणतं गाव रे?" कालिनोवाबाईने विचारलं. "तू मूळचा तिथलाच ना?"

"तिथलाच. मेंढ्या घेऊन रोज त्या कड्यावर जायचो." त्याने नाव सांगायला तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"असेल की एखादं," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंना गावं आहेत, म्हणजे मधे असणारच."